धूसर फोटोत गझाला हसते

६ जुलै, रविवार

कॅमेरा घेतला. लोक सेकंडहँड म्हणतील, मी अनुभवी म्हणतो. मारेगावच्या संजय फोटोवाल्याचा आहे. त्यानं नवा घेतला म्हणून हा काढला. सोबत एक लेन्स. झूम होत नाही, पण संजय म्हणाला, "चेहऱ्यासाठी याच्यापेक्षा भारी लेन्स नाही भाऊ, पापण्या मोजून घ्या." मला चेहराच हवा आहे.

रोजनिशीही आजपासूनच. मराठीत लिहितोय, कारण अम्मीला फक्त उर्दू वाचता येतं आणि माझ्या उशीखालचं सगळं वाचायची तिला सवय आहे.

योजना अशी आहे. गझाला नेहमी म्हणायची, लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही माझा एक धड फोटो काढला नाही. एवढ्यासाठी कोणी घर सोडत नाही हे मलाही कळतं, पण सुरुवात कुठून तरी करावी लागते. फेब्रुवारीत खुला झाला. म्हणजे तिनं सुटका मागितली आणि मी सही केली, कारण दोन्हीकडची माणसं बसली होती आणि सगळ्यांचा चहा थंड होत होता. सही म्हणजे कागद. इमामसाहेबांना मी विचारून ठेवलं आहे. दोघांची मर्जी असेल तर नवा निकाह करता येतो म्हणाले. माझी मर्जी आहे. म्हणजे अर्धं काम झालं.

फरहाला भेटायला मी दर रविवारी पुसदला जातोच. पोरगी तिसरीत आहे. आता कॅमेरा घेऊन जायचं, पोरीचे फोटो काढायचे, मागे आई येईलच. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दोघी यवतमाळला.

नवी वस्तू आली की शेजारचे लोक तिला हळदीकुंकू लावतात. आमचं अत्तराचं दुकान. मी कॅमेऱ्याच्या पट्ट्याला थोडं खसचं अत्तर लावलं आणि काच ताज्या फायानं पुसून घेतली. गिऱ्हाईक कानात ठेवतं ना, तोच अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा. कापूस आपल्या जिल्ह्याचा, अत्तर आपल्या दुकानाचं. कॅमेऱ्याला घरचं वाटलं पाहिजे.

७ जुलै

दुकानात सराव. शेजारच्या जमीरचा फोटो काढला. तो कूलर आणि मिक्सर दुरुस्त करतो, बोलायला मोकळा असतो. फोटो ब्लर. जमीर आहे त्यापेक्षा देखणा दिसतो. बॅटरी अर्धीच चार्ज होती, त्यामुळे असं झालं. उद्या फुल चार्ज.

८ जुलै

फुल चार्ज. ब्लर.

नवा मालक समजायला वस्तूला वेळ लागतो. जमीर म्हणाला, मिक्सरला लागत नाही. मिक्सर वेगळा.

१३ जुलै, रविवार, पुसद

निघण्याआधी काच फायानं पुसली. आता हा नियमच करणार.

गझाला तिच्या भावाकडे राहते. सरदारचं खाली टायरचं दुकान, वर घर. मी गेलो की रस्त्याकडच्या खोलीत बसवतात आणि सरदार समोर बसून राहतो. पाहुणचार म्हणूनच बसतो. फरहाचे भरपूर फोटो काढले. उड्या मारताना, दप्तर दाखवताना, चुलतभावाला मारताना. गझाला चहा घेऊन दारात आली तेव्हा मी चपळाईनं तिच्याकडे वळलो. एकच क्लिक. ती म्हणाली, "माह्या नका काढू. तिचे काढा." आवाजात राग नव्हता. पूर्वी असायचा. ही प्रगती आहे.

एस्टीत स्क्रीनवर पाहिले. सगळे ब्लर. फरहा धुक्यातून पळते आहे असं वाटतं. पण गझालाच्या फोटोत चेहऱ्याखाली पांढरं काहीतरी दिसतं. हसली.

१४ जुलै

जमीरला फोटो दाखवला. तो म्हणाला, "दात नाही बाप्पा, ती बशी हाये." जमीरला कूलरच्या बाहेरचं फारसं कळत नाही.

१८ जुलै

यूट्यूबवर कळलं. दोष शटर स्पीडचा आहे. स्पीड कमी असला की हात हलतो आणि फोटो ब्लर येतो. इतकं सोपं होतं. संजयनं सांगायला हवं होतं. आता स्पीड खूप वाढवायचा, कोपर छातीला टेकवायचे, श्वास रोखायचा. उद्यापासून रोज पहाटे उठून श्वास रोखायचा सराव.

१९ जुलै

पहाटे पाऊस होता.

२० जुलै, रविवार, पुसद

स्पीड वाढवला, श्वास रोखला. फोटो काळेही आले आणि ब्लरही आले. फरहानं विचारलं, "अब्बू, याच्यात मी कोणती?" सरदार हसू दाबत खाली दुकानात गेला. तेवढ्यात गझालाशी एकटं बोलायची संधी होती, पण माझा श्वास रोखलेला होता.

२४ जुलै

आता खरं कळलं. अपर्चर. लेन्स पूर्ण उघडी ठेवली की नाक शार्प आणि कान ब्लर. म्हणून लेन्स थोडी मिटवायची. मी कधीपासून पूर्ण उघडी ठेवून बसलो होतो. माझा स्वभावच मोकळा आहे.

२७ जुलै, रविवार, पुसद

लेन्स मिटवली. नाक, कान, भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं सारखंच ब्लर. आता कमीत कमी कुणाला झुकतं माप नाही.

आज गझालाचा फोटो मिळाला नाही. ती आतच होती. भांड्यांचा आवाज येत होता. भांडी नेहमीपेक्षा हळू ठेवत होती. मी बोललेलं ऐकू यावं म्हणून असेल.

१ ऑगस्ट

फोकसची चाचणी. जिथे फोकस केला त्याच्या पुढे किंवा मागे बसतो का ते बघायचं. इंटरनेटवर लोक यासाठी पट्टी तिरकी ठेवतात. मी काउंटरवर अत्तराच्या बाटल्या तिरक्या रांगेत लावल्या आणि मधल्या बाटलीवर, मोगऱ्यावर, फोकस केला. फोटो काढण्याआधी काच पुसली, बाटल्या पुसल्या, पुन्हा काच पुसली.

मोगरा ब्लर. त्याच्या पुढची खसही ब्लर, मागचा हिनाही ब्लर. म्हणजे फोकस पुढेही नाही, मागेही नाही. तर फोकस बरोबर आहे! मोठी चिंता मिटली.

या भानगडीत एक गिऱ्हाईक थांबून थांबून निघून गेलं. मोगराच हवा होता त्याला.

३ ऑगस्ट, रविवार, पुसद

आज सरदार मला मुजफ्फरभाई म्हणाला. लग्न झाल्या दिवसापासून तो मला दुल्हेभाई म्हणत आला. खुल्यानंतरही म्हणायचा, सवयीनं. आज म्हणाला, "या मुजफ्फरभाई, बसा." मी क्षणभर मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आलंय का म्हणून.

जीभ घसरली असेल. दिवसभर टायरवाल्यांशी बोलून माणसाची जीभ घसरते.

फोटो काढले. बघितले नाहीत.

९ ऑगस्ट

हवा! एवढ्या पावसात लेन्सच्या पोटात बाष्प धरतं, बुरशीही लागते. मोबाइलच्या टॉर्चनं आत पाहिलं. बुरशी दिसली नाही. पण बुरशी सुरुवातीला दिसतच नाही म्हणतात. कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरला. तांदूळ ओल शोषून घेतो.

संध्याकाळी अम्मी ओरडली. भाताला खसचा वास येत होता. मी म्हटलं, बिर्याणीत लोक पैसे देऊन केवडा घालतात. तिनं ताट सरकवलं आणि म्हणाली, गझाला असती तर तिनं तुला डब्याच्या आसपास फिरकू दिलं नसतं. अम्मीनं कितीतरी दिवसांनी तिचं नाव घेतलं. मी पूर्ण भात खाल्ला.

१२ ऑगस्ट

संजयला फोन. तो कुठल्यातरी साखरपुड्यात होता, मागे बँड. मी पाठवलेले फोटो त्यानं बघितले होते. "हे तर सपन पडल्यासारखं दिसून राह्यलं भाऊ," म्हणाला. "माह्याकडं याच लेन्सनं एवढी लग्नं झाली. काच साफ करता ना?" मी म्हटलं, दर वेळी. कशानं म्हणाला. मी म्हटलं, कापसानं. मग तो गप्प झाला. यवतमाळ जिल्ह्यात राहून कापसाला कोण नाव ठेवणार? नंतर म्हणाला, एकदा घेऊन या मारेगावला, पाहतो.

रविवार पुसदचा. इतर दिवशी दुकान. जाईन कधीतरी.

१७ ऑगस्ट, रविवार, पुसद

गझालानं शिकवणी सुरू केली आहे. गल्लीतली पहिली-दुसरीची पोरं व्हरांड्यात बसतात. रविवारीसुद्धा. ती मराठी शाळेत शिकलेली, तिचं अक्षर छान आहे. मला वाटतं वेळ जात नसेल. यवतमाळला आल्यावर बंद करावी लागेल, पण ते मी आत्ताच बोलणार नाही.

जिन्यातून तिचा एक फोटो काढला. फळ्याकडे हात, पोरं खाली. ब्लर आला. तरी किती वेळ बघत राहिलो. या फोटोत ती नक्की हसते आहे. आणि या वेळी बशी नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

पुसदहून परतलो. स्टँडवर उतरलो आणि घरी जावंसं वाटेना. दुकान उघडून बसलो. रविवारी या बाजूला कोणी येत नाही. पूर्वी दुकानातून घरी गेलो की गझाला दार उघडताना म्हणायची, आला वास. रोज तेच. मला त्याचा कंटाळा यायचा.

आता अम्मी दार उघडते. तिला वास येत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार, पुसद

फरहाचा वाढदिवस. आजची तयारी भक्कम. कॅमेऱ्याचा जुना तीन पायांचा स्टँड जमीरकडून दुरुस्त करून नेला, टायमर शिकून घेतला. म्हणजे हात लागणारच नाही आणि हात हलला असं म्हणायला कुणाला जागा नाही.

केक कापायच्या आधी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. मध्ये फरहा, एका बाजूला गझाला. टायमर लावला आणि पळत जाऊन गझालाच्या शेजारी उभा राहिलो. ती थोडी सरकली. मी पण थोडा सरकलो. ती आणखी सरकली, तिथे फ्रिज होता. मग क्लिक झालं.

फोटो ब्लर आला. पण एक गोष्ट खरी. ब्लर फोटोत आमच्या दोघांतलं अंतर अजिबात दिसत नाही. तिची हिरवी ओढणी आणि माझा शर्ट एकमेकांत मिसळले आहेत. सरदारनंही मोबाइलवर एक काढला. तो शार्प आहे. त्यात अंतर दिसतं. मोबाइलच्या लेन्सला खोली कळत नाही.

२० सप्टेंबर

अम्मीनं आज विषय काढला. दिग्रसला कोणी हाजराखाला आहे, जिल्हाभर रिश्ते जमवते, फोनवरच कामं करते. "तुझ्यासाठी बोलू का," म्हणाली. मी म्हटलं, घर रिकामं असेल तर माणूस शोधतात. अम्मीनं घरभर नजर फिरवली आणि काही बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं.

२८ सप्टेंबर, रविवार, पुसद

व्ह्यूफाइंडरशेजारी एक बारीक चाक असतं. आपल्या नजरेप्रमाणे ते फिरवायचं. फिरवलं. आता मला फरहा फार स्पष्ट दिसते. फोटोत दिसत नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचाही नाही आणि माझाही नाही, मधल्या कशाचातरी आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार, पुसद

आजचा दिवस सोन्याचा. सगळं क्रमानं लिहितो.

सरदार कामानिमित्त बाहेर गेला होता. त्याची बायको आत स्वयंपाकात. गझाला स्वतःहून खोलीत आली. हातात मागच्या महिन्यातले फोटो, मी फरहाला प्रिंट करून दिलेले. म्हणाली, "हे असे काहून येऊन राह्यले? पोरगी शाळेत दाखवते, मग मैतरिणी हासतात तिले." मी शटर स्पीडपासून सुरुवात केली. तिनं थांबवलं नाही. अपर्चर सांगितलं, बाष्प सांगितलं, मारेगावचा संजय कसा टाळतो ते सांगितलं. ती ऐकत होती. किती दिवसांनी ती माझं ऐकत होती!

मग तिनं कॅमेरा हातात घेतला. जवळ नेला. नाक आक्रसलं.

"तुमी कॅमेऱ्याले बी अत्तर लावलं काय?"

मी म्हटलं, काच फक्त पुसतो, फायानं, दर वेळी. तिनं आवाज चढवला नाही. "तेल हाये ते," म्हणाली. "काचेले रोज तेल लावलं, तर काय दिसन?" तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढला, खणातून चष्म्याचं फडकं आणलं, काचेवर फुंकर मारली आणि गोल गोल पुसत बसली. फडकं पिवळं झालं. धुऊन वाळवून पुन्हा पुसलं.

मी विचारलं, चष्मा कधी लागला तुला?

म्हणाली, "फरहा बालवाडीत होती तवा. तुमच्याच घरी होती मी."

चष्मा बारीक काड्यांचा आहे. असा चष्मा पटकन दिसत नाही.

फरहाचा फोटो काढला. शार्प! भुवईवरची जुनी खूणसुद्धा दिसते. पोरगी नाचली. आणि मग गझाला म्हणाली, अगदी हे शब्द, "आता साफ येते तं माह्या बी एक काढून द्या. चांगला. सरदारच्या फोनवर टाकून द्या." मी कारण विचारलं नाही. आनंदाच्या वेळी कारणं विचारू नयेत. ती आत जाऊन ओढणी बदलून आली, खिडकीपाशी बसली, चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी म्हटलं, राहू दे चष्मा, छान दिसतो. तिनं घातला नाही.

तीन-चार काढले. लग्नानंतर पहिल्यांदा ती माझ्यासमोर इतका वेळ बसली.

१३ ऑक्टोबर

संजयला उगाच दोष दिला होता. सांगायला फोन केला, त्यानं उचलला नाही. ठीक आहे. लेन्स उत्तम आहे, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.

फोटो सरदारला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. एवढ्या महिन्यांतला पहिला अंगठा.

१५ ऑक्टोबर

गझालाचा फोटो मोठा करून फ्रेम केला. बाहेरच्या खोलीत, घड्याळाखाली लावला. ती आल्यावर आधी हेच बघेल.

अम्मी फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. वाळली गं, म्हणाली. मग पदरानं फ्रेमची काच पुसली.

मीही नीट पाहिला. ती हसत नाहीये. शार्प फोटोत माणसं गंभीर येतात, हे तांत्रिक आहे. डोळ्यांखाली काळं आहे. हनुवटीजवळ एक रेघ आहे. ती रेघ कधी पडली मला माहीत नाही. मी तिथेच खुर्ची घेऊन बसलो. फार आठवण आली.

१९ ऑक्टोबर, रविवार, पुसद

गझाला घरी नव्हती. सरदारच्या बायकोसोबत कुणाकडे तरी गेली होती. फरहा म्हणाली, तिच्या अम्मीनं नवीन ड्रेस शिवला. मी विचारलं, कायले? तिनं खांदे उडवले. दिवाळीची सुट्टी लागली आहे. ठरवलं होतं त्याप्रमाणे दोघी यवतमाळला आल्या नाहीत, पण ड्रेस तर शिवला. शेवटची तारीख आता डिसेंबर.

२६ ऑक्टोबर, रविवार, पुसद

आजही गझाला खोलीत आली नाही. घरात पाहुणे होते. वाशीमकडची मंडळी, सरदारच्या ओळखीची. वरच्या खोलीत जागा नव्हती म्हणून मला आणि फरहाला खाली टायरच्या दुकानात बसवलं. टायरवर बसून फरहाचे फार छान फोटो आले. उजेड चांगला होता.

सरदार निघताना एस्टी स्टँडपर्यंत सोडायला आला. पूर्वी कधी येत नसे. "तबियत सांभाळा मुजफ्फरभाई," म्हणाला. मला माझ्या तब्येतीला काय झालं ते कळलं नाही.

४ नोव्हेंबर

 

अम्मीनं माझं न ऐकता हाजराखालाला बोलावलं होतं. दुपारी आली. चांगली बोलकी बाई. सोफ्यावर बसून मोबाइलमध्ये एकेक फोटो दाखवू लागली. ही आर्णीची, ही उमरखेडची. मी बघत नव्हतो. मग म्हणाली, ही बघा, नवीन आली आहे, पुसदची, खुला झालेली, एक मुलगी आहे, शिकवणी घेते, स्वभावानं गरीब. आणि अम्मीपुढे मोबाइल धरला.

अम्मीनं मोबाइल डोळ्यांजवळ ओढला. मी वाकून पाहिलं. खिडकी, ओढणी, मांडीवर चष्मा. माझाच फोटो. म्हणजे तिचा, मी काढलेला.

हाजराखालानं मान वर केली आणि तिची नजर घड्याळाखाली गेली. फ्रेमकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं. वैतागून म्हणाली, "या पोरीचा फोटो तुमच्याकडे आधीच आला काय? कोणी आणला? आमच्या धंद्यात आता काही नियमच राह्यला नाही!"

अम्मी उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. मीच सांभाळून घेतलं. म्हटलं, खाला, हे स्थळ आम्हाला पसंत आहे. हो सांगा.

४ नोव्हेंबर, संध्याकाळी

विचार केला. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात फोटो फिरत फिरत माझ्याच घरी आला. याला आणखी काय म्हणायचं? सरळ बोलायला तिला जड जात असेल. तिनं फोटो माझ्याकडूनच काढून घेतला, यातच सगळं आलं. जमीरला सांगितलं. तो पाना हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मुजफ्फर, घरी जाय. जेवून घे." हे त्याच्या आनंदाचं बोलणं असावं.

हाजराखालाला मी नाव सांगू नका म्हटलं आहे. फक्त एवढंच सांगायचं: यवतमाळ, स्वतःचं दुकान, घरात आई, माणूस सरळ. नाव नंतर. गझालाला ओळखू येईलच, आणि नाही आलं तर गंमत.

६ नोव्हेंबर

बाहेरच्या खोलीला रंग द्यायचं ठरवलं. रंग फिका पिस्ता. फ्रेम उतरवून पलंगावर ठेवली. नवा निकाह साधाच करू, घरचीच माणसं. फोटो मी काढणार नाही, त्या दिवशी मला फोटोत असायचं आहे. संजयला बोलवू.

अम्मी दोन दिवस माझ्याशी फार प्रेमानं वागते आहे. न मागता दोनदा चहा देते.

७ नोव्हेंबर

निरोप नाही. अशा गोष्टींना वेळ लागतोच. भिंतीला पहिला हात मारून झाला.

९ नोव्हेंबर, रविवार

एस्टीत लिहितोय. दिग्रस मागे पडलं. कॅमेरा मांडीवर आहे, फरहानं शाळेच्या मैत्रिणी जमवून ठेवल्या आहेत.

निघताना स्टँडवर हाजराखालाचा फोन आला. पुसदचा निरोप आला म्हणाली. त्यांना वयानं मोठा माणूस चालेल. पहिल्या बायकोची लेकरं चालतील. भाड्याचं घर चालेल, खेडं चालेल. मुलीची अट एकच आहे. यवतमाळ नको.

मी विचारलं, नाव सांगितलंत का? म्हणाली, तूच नको म्हटलं होतं ना. आणि नावापर्यंत गोष्ट गेलीच नाही, गाव ऐकूनच तिनं मान हलवली. दिल छोटा करू नको म्हणाली, उमरखेडची अजून आहे.

मी बरं म्हटलं. गाडी लागली होती, लोक चढत होते.

मग ती म्हणाली, तेवढं एक काम कर बेटा. तो फोटो कोणी काढला त्याचा पत्ता लाव. इतका साफ फोटो तिच्याकडे आजपर्यंत आला नव्हता. आपल्या सगळ्या पोरींचे तसेच काढून घेऊ.

मी म्हटलं, पुसदचाच असेल कोणी.